दाणा आणि पाणी : परसातील कोंबड्यांचे अर्धे संगोपन

(पंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व विस्तार कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रातील खेड्यात कोंबडी ही बहुधा घरातील स्त्रीची मालमत्ता असते. शेताचा सातबारा पुरुषाच्या नावावर असतो, दुधाचा हिशेब सोसायटीत होतो. परंतु अंड्याचा पैसा पदराच्या गाठीला राहतो. त्यातून मुलाची वही येते, आजाऱ्याचे औषध येते, बाजाराच्या दिवशी मीठमिरची येते. म्हणूनच परसातील दहा-पंधरा कोंबड्यांचा विचार करताना तो केवळ जोडधंद्याचा विचार नसून घरातील सर्वांत कमी मिळकत असणाऱ्या व्यक्तीच्या मिळकतीचा विचार असतो, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे.

ह्या व्यवसायाचा व्याप लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या सुमारे ७ कोटी ४३ लक्ष आढळली. त्याच गणनेनुसार संपूर्ण देशात परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लक्ष होती आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. पुणे, नागपूर, कोल्हापूर व छत्रपती संभाजीनगर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून सुधारित जातीची पिल्ले खेड्यापाड्यांत गेली. गिरिराज, वनराज ही नावे आता शेतकरी कुटुंबांना अपरिचित राहिलेली नाहीत. एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात २५ तलंगा व ३ नर असा गट लाभार्थ्याला देण्याची पद्धत रूढ झाली.

पक्षी घरी येतो. परंतु तो टिकतो का, हा खरा प्रश्न आहे. ज्या घरात पक्षी टिकत नाहीत, तेथे दोष बहुधा जातीला किंवा रोगाला दिला जातो. दाणा कमी पडला असेही म्हटले जाते. पण बारकाईने पाहिल्यास असे दिसते की, दाणा टाकलेला असतो, पाणीही ठेवलेले असते. मात्र ते चुकीच्या जागी, चुकीच्या उंचीवर आणि चुकीच्या वेळी ठेवलेले असते. दाणा किती, ह्याइतकेच दाणा कोठे, ह्यालाही महत्त्व आहे. ही सुधारणा जवळजवळ बिनखर्ची असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि म्हणूनच तिच्याविषयी विस्ताराने बोलणे आवश्यक ठरते.

पाण्याचे महत्त्व

अंड्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाण्याचा असतो. कोंबडी जेवढ्या वजनाचे खाद्य खाते, त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याला सौम्य हवामानात दिवसाला पाव लिटर पाणी लागते, तर वैशाखाच्या उन्हात हीच गरज दुपटीपर्यंत जाते. कारण कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि त्या वाटे शरीरातील पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकणे हाच तिचा उष्णतेपासून बचावाचा मुख्य मार्ग होय. एक दिवस पाणी मिळाले नाही तर अंडी देणे मंदावते आणि त्याचा परिणाम पुढे अनेक दिवस जाणवतो. पाणी कमी मिळालेली कोंबडी दाणाही कमी खाते. म्हणजेच कोरड्या भांड्याशेजारी ठेवलेला उत्तम दाणा निरुपयोगी ठरतो.

२५ तलंगा व ३ नर अशा २८ पक्ष्यांच्या गटाला दिवसाला सुमारे सात लिटर, म्हणजे एका मध्यम घागरीएवढे पाणी लागते. उन्हाळ्यात अशा दोन घागरी लागतील. टंचाईच्या गावात हा भार थोडा नव्हे. ज्या बाईला पाणी दुरून आणावे लागते, तिच्याकडे गट देताना पाण्याचा हा हिशेब आधीच तिच्यासमोर मांडला पाहिजे.

पाणी कसलेही चालते, ही समजूत मात्र सोडून द्यावयास हवी. मोरीचे सांडपाणी, गोठ्यातील डबके आणि उकिरड्याच्या कडेचे पाणी ही रोगाची घरे होत. जे पाणी घरातील माणसे पितात, तेच कोंबडीला द्यावे. भांडे रोज घासावे. आतून बुळबुळीत झालेल्या भांड्यात ओतलेले स्वच्छ पाणीही स्वच्छ राहत नाही.

उंची आणि अंतर

दाण्याचे व पाण्याचे भांडे जमिनीवर ठेवले की कोंबडी त्यात पाय घालते, उकरते आणि विष्ठाही टाकते. ह्यावर साधा नियम असा : भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला असावी. दोन विटा किंवा सपाट दगड ठेवून ही उंची साधता येते. पिल्ले वाढतील तसतशी एकेक वीट वाढवीत जावी. मान किंचित उंच करून खाणारी कोंबडी दाणा उडवीत नाही आणि पाणी घाणही करीत नाही.

दुसरा नियम जागेचा आहे. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याला दाणा खाण्यासाठी भांड्याच्या कडेला सुमारे १० सेंटिमीटर व पाणी पिण्यासाठी सुमारे अडीच सेंटिमीटर जागा लागते. २८ पक्ष्यांचा हिशेब केला तर खाद्यासाठी २८० सेंटिमीटर कड हवी. बांबू उभा चिरून केलेल्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंनी पक्षी खातात. म्हणून ७० सेंटिमीटर लांबीच्या दोन पन्हळी पुरतात. टोकाच्या गाठी कायम ठेवाव्यात, म्हणजे दाणा बाजूने सांडत नाही. वर सैलसर फिरणारी एक काठी अडकविली तर पक्षी पन्हळीवर बसू शकत नाहीत. बसू लागताच काठी फिरते. पन्हळ काठोकाठ मात्र भरू नये. एक तृतीयांश भरावी आणि लागल्यास पुन्हा टाकावे. काठोकाठ भरलेल्या पन्हळीतील बराच दाणा चोचीने उडून मातीत जातो व तेथून उंदरांच्या पोटात जातो.

पाण्यासाठी २८ पक्ष्यांना सुमारे ७० सेंटिमीटर कड लागते. २५ सेंटिमीटर व्यासाच्या एका परळाची कड ७८ सेंटिमीटर भरते. म्हणजे हिशेबाने एक परळ पुरावा. तरीही दोन ठेवावेत, आणि तेही एकमेकांपासून दूर. कोंबड्यांच्या कळपात मानपान असतो. धीट कोंबडी भित्रीला टोचून हुसकावते. दाणा आणि पाणी एकाच ठिकाणी असेल तर दोन-चार पक्षी पोटभर खातात आणि शेवटचे दोन-चार उपाशी राहून खंगत जातात. मालकिणीला वाटते की त्यांना रोग जडला. वस्तुतः त्यांना हवे असते ते दुसरे भांडे.

दाणा व पाणी ह्यांच्यात तीन-चार हातांचे अंतर असावे. अगदी जवळ असतील तर चोचीतून पाणी दाण्यात पडते व दाणा आंबतो. फार दूर असतील तर लहान पिल्लांना ते सापडत नाही.

घरच्या घरी पाण्याचे भांडे

बाजारातील भांडे विकत घ्यावयास हवेच असे नाही. एक गोल, न गळणारा डबा घ्यावा. त्याच्या तोंडाच्या कडेपासून बोटभर आत एक छिद्र पाडावे. डबा पाण्याने भरून त्यावर दोन बोटे खोलीचा परळ किंवा ताटली पालथी ठेवावी आणि दोन्ही एकदम उलटे करावे. पाणी छिद्रापर्यंत चढते आणि थांबते. कोंबडी पाणी प्याली की पातळी छिद्राखाली जाते, छिद्रातून हवा आत शिरते आणि तेवढेच पाणी बाहेर येते. छिद्र ताटलीच्या कडेपेक्षा खाली असणे एवढीच अट आहे. ते वर गेले तर सर्व पाणी वाहून जाईल. शिक्षकांनी हवेच्या दाबाचा धडा शिकविताना हे भांडे वर्गात करून दाखविले तर तोच प्रयोग त्या संध्याकाळी अनेक परसांत पोहोचेल.

पिल्लांची व खुडूक कोंबडीची सोय

एक दिवसाचे पिल्लू घरी आले की प्रथम पाणी आणि मग दाणा, हा क्रम ठेवावा. प्रवासाने थकलेल्या पिल्लाला थोडा गूळ घातलेले पाणी द्यावे. एक-दोन पिल्लांची चोच त्यात बुडवून दाखविली की बाकीची आपोआप शिकतात. पहिले दोन दिवस मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरावा. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे टाकावेत. खोल घमेल्यात किंवा गुरांच्या भांड्यात बुडून मेलेली पिल्ले हे नुकसान सर्वस्वी टाळता येण्याजोगे आहे.

पिल्लांचा दाणा मोठ्या कोंबड्या खाऊन टाकतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ह्यावर खेड्यातील डालगे हाच उपाय आहे. डालगे पालथे घालून विटांच्या आधाराने चार बोटे उचलावे व पिल्लांचे दाणापाणी त्याखाली ठेवावे. पिल्ले आत शिरतात, मोठे पक्षी बाहेर राहतात. वरून घार व कावळ्यापासूनही संरक्षण मिळते.

खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते. ती दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी, तीही थोडाच वेळ उठते. त्या वेळात दाणापाणी शोधत तिला परसभर फिरावे लागले तर अंडी गार होतात, नाहीतर ती उपाशीच परत येते. तिचे दाणापाणी पाटीजवळ दोन-तीन हातांवर ठेवावे. अगदी पाटीला लागून ठेवले तर सांडलेल्या दाण्यावर उंदीर आणि उंदरांमागे साप येतो.

हिवाळ्यातील व्यवस्था

महाराष्ट्रात हिवाळा सौम्य असतो, असे मानून कोंबड्यांच्या बाबतीत त्याचा विचारच केला जात नाही. परंतु निफाडची थंडी द्राक्षबागायतदारांना ठाऊक आहे, आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात काही वर्षी दवबिंदू गोठतात. नाशिक, धुळे, जळगाव, नागपूर, गोंदिया ह्या जिल्ह्यांत पौषातील पहाट पक्ष्यांना जाणवल्याशिवाय राहत नाही. काश्मीर किंवा हिमाचलप्रमाणे येथे भांड्यातील पाणी गोठून जात नाही हे खरे. पण ते इतके थंड होते की कोंबडी चोच लावते आणि मागे सरते. पाणी कमी झाले की खाणे कमी, आणि खाणे कमी झाले की अंडी कमी, असा क्रम सुरू होतो.

म्हणून रात्रीचे शिळे पाणी पहाटे ओतून टाकावे आणि विहिरीचे ताजे किंवा चुलीवर कोमट केलेले पाणी द्यावे. विहिरीचे पाणी हिवाळ्यात उघड्यावरील पाण्यापेक्षा उबदार असते. उन्हाळ्यात पाणी मातीच्या भांड्यात व सावलीत ठेवावे, कारण पाझरामुळे ते गार राहते. हिवाळ्यात नेमके उलट करावे : पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे भांडे कोवळ्या उन्हात ठेवावे. एकाच जागी बारमाही ठेवलेले भांडे वर्षातील निम्मा काळ तरी चुकीच्या जागी असते.

डिसेंबरअखेर विदर्भ-खानदेशात दिवस सुमारे अकरा तासांचा आणि रात्र तेरा तासांची असते. कोंबडी अंधारात खात नाही व पीतही नाही. ह्या तेरा तासांची ऊब तिला पोटातील दाण्यातूनच मिळवावयाची असते. म्हणून हिवाळ्यात सायंकाळचा दाणा चुकवू नये. सूर्य मावळण्यापूर्वी तासभर आधी मका किंवा ज्वारी खुराड्याजवळ टाकावी. रोज त्याच वेळी, त्याच जागी दाणा मिळू लागला की कोंबड्या स्वतःहून घरी परततात. दिवेलागणीला बाहेर राहिलेली कोंबडी रानमांजराच्या किंवा मुंगसाच्या तोंडी जाण्याचे प्रमाणही कमी होते.

थंडीत धुके असल्यामुळे खुराडे उशिरा उघडले जाते. पक्षी मात्र उजाडताच जागे झालेले असतात. खुराडे आठ वाजता उघडावयाचे असेल तर उजाडताना पाणी आत सरकवावे. रात्री मोठ्या पक्ष्यांच्या खुराड्यात पाणी ठेवू नये. ते पिण्यात येत नाही आणि सांडल्याने तूस ओले होते. ओल्या तुसातून उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात आणि रक्ती हगवणीला आमंत्रण मिळते. थंडीच्या भीतीने खुराडे चारी बाजूंनी बंद करणेही तितकेच घातक होय. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावावे. वरच्या बाजूने हवा खेळती ठेवावी. दिव्याच्या उबेत वाढणाऱ्या पिल्लांची गोष्ट वेगळी. ती रात्रीही खातात-पितात, म्हणून त्यांच्याजवळ दाणापाणी अखंड हवे. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते व पुढे ती दर आठवड्याला तीन-एक अंशांनी कमी करीत न्यावयाची असते. पाणी दिव्याच्या अगदी खाली ठेवू नये. उबेच्या कडेला ठेवावे.

हिवाळ्यात अंडी घटतात त्याचे एक कारण दिवस लहान होणे हेही आहे. तेवढी घट निसर्गाची म्हणून समजून घ्यावी. मात्र थंड पाणी, चुकलेला सायंकाळचा दाणा आणि ओले खुराडे ह्यांमुळे होणारी घट निसर्गाची नव्हे.

काय ठेवू नये

मोकळी फिरणारी कोंबडी किडे, कोवळे गवत व सांडलेले धान्य खाऊन बरेचसे पोट भरते. तिला पूरक म्हणून दिवसाला ३० ते ६० ग्रॅम दाणा पुरतो. कणी, भरडा, कोंडा, ज्वारीची चुरी हे सर्व चालते. पण बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड गुरांना नको म्हणून कोंबड्यांना टाकण्याची सवय घातक आहे. बुरशीतील विष पक्ष्यांच्या यकृतावर आघात करते. दाण्याचे पोते भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावे. लोणचे, खारे पदार्थ यांचे उष्टे कोंबडीला सोसत नाही. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे तिच्या वाटेत कधीही येऊ देऊ नये. अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा एका वेगळ्या वाटीत ठेवावा. गरजेप्रमाणे ती स्वतः खाते. पाण्यातून लस द्यावयाची असेल त्या वेळी पाण्यात जंतुनाशक पूड नसावी, अन्यथा लसीचा गुण नष्ट होतो.

उघडे भांडे आणि गावाचे आरोग्य

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक नोंदविला गेला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातही हा रोग आढळला. अशा वेळी पक्षी नष्ट करावे लागतात आणि अनेक घरांची उभी मिळकत एका दिवसात जाते. रानपक्षी, विशेषतः पाणपक्षी, ह्या रोगाचे वाहक असू शकतात. उघड्यावर पसरलेला दाणा आणि उघडे पाणी त्यांना परसात बोलावते. दाणापाणी पडवीत, छपराखाली किंवा डालग्याखाली ठेवले तर पावसाळ्यात ते भिजत नाही आणि रानपक्ष्यांचा संपर्कही घटतो. सार्वजनिक तळ्याच्या काठी कोंबड्यांना दाणा टाकू नये. एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते ओढ्यात न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे. कळविण्यात कमीपणा नाही. लपविण्यात मात्र साऱ्या गावाचा धोका आहे.

कार्यकर्त्यांकडून अपेक्षा

ह्या सर्व गोष्टींसाठी स्वतंत्र निधी लागत नाही. लागते ते योग्य वेळी दाखवून देणे. पक्ष्यांचे वाटप होते त्या दिवशी यादी, सही आणि छायाचित्र ह्यांतच सारा वेळ जातो. त्याच दिवशी दोन पन्हळी, दोन परळ आणि चार विटा मांडून प्रत्यक्ष दाखविले तर त्या वाटपाला खरा अर्थ येईल. पंचायत सदस्यांनी लाभार्थी निवडताना जागा व पाणी ह्यांची चौकशी करावी. विस्तार कार्यकर्त्यांनी वाटपानंतर पंधरवड्याने एक फेरी मारून पक्ष्यांबरोबरच भांडी पाहावीत. ही फेरी घरातील पुरुष चावडीवर असतानाही वाया जात नाही. किंबहुना ज्या स्त्रीच्या हातून दाणापाणी होते, तिच्याशीच बोलणे व्हावे. तिचा अनुभव ऐकून घ्यावा, कारण कोणती कोंबडी मागे राहते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

शासन पक्षी देऊ शकते, लस देऊ शकते, पशुवैद्य पाठवू शकते. परंतु पौषातल्या पहाटे थंड पाणी ओतून टाकून कोमट पाणी ठेवणारा हात घरातलाच असावा लागतो. तो हात आजही राबतोच आहे. त्याला चार सोप्या गोष्टी सांगितल्या तर त्याच श्रमाचे फळ अधिक मिळेल. येत्या हिवाळ्यापूर्वी प्रत्येक गावातील निदान दहा परसांत भांडी योग्य उंचीवर व योग्य जागी जावीत, एवढा संकल्प केला तरी पुरे आहे.